आधी कुणी उठायचं

बू वुरींच्या टेबलावर तीन गोष्टी कायम असायच्या. आल्याच्या गोळ्यांची बाटली, नवऱ्यानं भरून दिलेला डबा आणि निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही. डब्यातलं कुणीही न विचारता उचललं तरी त्यांना चालायचं. वहीला हात लावलेला चालत नसे. वहीवर त्यांनी मोठ्या अक्षरात 'टपाल' असं लिहून ठेवलं होतं.

सेमारांगच्या आमच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये त्या आल्या, त्या रिपोर्ट टाइप करायला. वुर्यानिंगसिह हे पूर्ण नाव पगाराच्या चिठ्ठीवर कधी मावलं नाही, म्हणून सगळे बू वुरी, म्हणजे वुरीबाई, म्हणायला लागले. लॅबमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा पाक कुस्वांतो नावाचे एक थोराड गृहस्थ ते सांभाळत. टाइप करता करता या बाई त्यांना प्रश्न विचारत आणि ते कंटाळून उत्तरं देत. सहा वर्षांनी ते कंटाळायचे थांबले, कारण आता तेच बाईंना प्रश्न विचारायला लागले होते.

आमची मुख्य लॅब शहरात आणि चौदा शाखा डोंगराकडे. वोनोसोबो, तमांगगुंग, आंबारावा आणि पुढची लहान गावं. रक्त तिकडे घ्यायचं, गाडीनं इकडे आणायचं, इथे तपासायचं आणि रिपोर्ट परत तिकडे पाठवायचा. डोंगरात वीज कधी जाईल, तार कधी तुटेल याचा नेम नाही. आधी रिपोर्ट अर्ध्या वाटेत हरवायचे आणि मग रिपोर्टच्या खिडकीवर बसलेली मी शिव्या खायची.

बारा वर्षांपूर्वी पाक कुस्वांतो आणि बू वुरी या दोघांनी मिळून यावर उपाय काढला. डेटाबेसच्या पोटातच एक टपालखातं असतं, ते त्यांनी चालू केलं. शाखेनं संदेश लिहायचा आणि विसरून आपल्या कामाला लागायचं. तार तुटलेली असली तर डेटाबेस तो संदेश रांगेत धरून ठेवतो, पुन्हा पुन्हा पाठवून बघतो आणि पोच मिळेपर्यंत सोडत नाही. वेगळं यंत्र नको, वेगळा माणूस नको. शाखेकडची बाजू बू वुरींनी लिहिली, मुख्य लॅबकडची पाक कुस्वांतोंनी. त्या दिवसापासून एकही रिपोर्ट हरवला नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. शिव्या खाणं थांबलं ते माझंच.

मग पाक कुस्वांतो निवृत्त होऊन उंगारानच्या उतारावर राहायला गेले आणि टपाल एकट्या बू वुरींचं झालं.

*

गेल्या वर्षी जकार्ताहून गालिह आला. वय चौतीस, कॉम्प्युटर विभागाचा नवा प्रमुख. प्रमुखाला सगळे 'पाक' म्हणजे साहेब म्हणत. बू वुरींची जीभ काही वळली नाही. त्या त्याला 'मास' म्हणायच्या, म्हणजे दादा. तो काही बोलला नाही, पण दर वेळी चष्मा सारखा करायचा.

आल्यापासून त्याचा त्या टपालावर डोळा होता.

"बू, ज्यांनी हे बनवलं ते स्वतःच विसरलेत," तो म्हणायचा. "किती वर्षांत यात नवीन काही आलेलं नाही. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, नाव ऐकलेलं नाही कुणी."

"बंद केलंय का त्यांनी?"

"बंद नाही केलं. नुसतं ठेवलंय."

"मग माझ्या सासूसारखंच," बू वुरी म्हणाल्या. "नवीन काही करत नाही, पण सकाळी उठून आधी भात तीच लावते."

"आणि सासूबाई गेल्यावर?"

"तोवर मी शिकले ना भात लावायला."

"पण तुमच्यानंतर कोण शिकलंय, बू?"

बू वुरींनी आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांचा डबा पुढे केला. "तेंपे घ्या, मास. गार होतंय."

त्याला हवं होतं ते वेगळं, आजकाल सगळे वापरतात तसं संदेशांचं स्वतंत्र यंत्र. बू वुरींचं म्हणणं, रिपोर्ट आणि त्याचा संदेश आता एकाच पेटीत राहतात. जतन झाले तर दोन्ही, नाही तर एकही नाही. दोन पेट्या केल्या की कधीतरी एक भरेल आणि दुसरी रिकामी राहील. आणि ते वेगळं यंत्र चौदा गावांत जिवंत कोण ठेवणार? दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण संपत नव्हतं.

ऑगस्टमध्ये ते संपवायची वेळ आली. तमांगगुंगच्या एका बाईच्या रक्तात पोटॅशियम फार वाढलेलं निघालं. रिपोर्ट इथे साडेनऊला तयार होता. शाखेत पोचला अडीचला. नशीब, की कागदाची प्रत माझ्या हाताखालून गेली आणि आकडा बघून मी सरळ फोन उचलला. बाईला वेळेत दवाखान्यात नेलं. हरवला काहीच नव्हता, पण पाच तास रांगेत पडून होता.

रिपोर्ट उशिरा जातात हे सहा महिने सगळ्यांना माहीत होतं. मोठी डिस्क आणा, म्हणजे होईल, असं बू वुरी म्हणायच्या. दोनदा आणलीही होती.

आमचे संचालक डॉक्टर हर्लंबांग मवाळ माणूस. त्यांनी दोघांना बोलावलं आणि मवाळपणेच सांगितलं, "सप्टेंबरअखेरपर्यंत मला कळलं पाहिजे. हे टपाल अजून दहा वर्षं चालण्यासारखं आहे, की काढायचं. काढायचं असेल तर एक ऑक्टोबरपासून काढायचं."

बाहेर आल्यावर गालिहनं एकच प्रश्न विचारला. "बू, आत्ता या घटकेला किती संभाषणं उघडी आहेत?"

बू वुरी थांबल्या. "बघून सांगते," त्या म्हणाल्या.

मला ते समजलं नाही. जिन्यात मी विचारलं, "संभाषण म्हणजे काय हो?"

"एका पेशंटचा एक रिपोर्ट, म्हणजे एक संभाषण. शाखा म्हणते, हे रक्त घ्या. आपण म्हणतो, हा रिपोर्ट घ्या. मग दोघांनी म्हणायचं, झालं आमचं. दोघांनी म्हटलं की डेटाबेस ते मिटवतो."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर खुर्च्या मांडून बसून राहतो," त्या म्हणाल्या आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेल्या. पंचावन्न वर्षांच्या बाईला मी जिना असा चढताना पाहिलं नव्हतं.

*

नुसतं मोजायलाच अकरा मिनिटं लागली. आकडा आला दोन कोटी अठ्ठेचाळीस लाख.

सगळ्यात जुनं संभाषण बारा वर्षांपूर्वीच्या मार्चमधलं. आंबारावाचा कुणी पेशंट, साधी साखरेची तपासणी. रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी पोचलेला. तो माणूस आता असेल की नसेल. पण त्याच्यासाठी मांडलेल्या दोन खुर्च्या तशाच होत्या. त्याच्यानंतरच्या प्रत्येकाच्याही. पहिल्या दिवसापासून एकही संभाषण मिटलेलं नव्हतं.

बू वुरींनी निळी वही उघडली, शाखेकडची आपली बाजू ओळ न् ओळ वाचली आणि मग, बारा वर्षांत पहिल्यांदा, पाक कुस्वांतोंची बाजू वाचली.

त्या माझ्या खिडकीशी आल्या तेव्हा चेहरा इतका शांत होता की मला भीती वाटली.

"दिक," त्या म्हणाल्या. मी वयानं लहान, म्हणून दिक. "रविवारी काय करतेस? उंगारानला यायचं माझ्याबरोबर. एकटी गेले तर विचारायचं धाडस होणार नाही."

"काय विचारायचंय?"

"माझ्या बाजूला मी लिहिलंय, मुख्य लॅबनं 'झालं' म्हटलं की मग आपण म्हणायचं. त्यांनी त्यांच्या बाजूला लिहिलंय, शाखेनं 'झालं' म्हटलं की मग आपण म्हणायचं."

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. आमच्या घराघरात हेच चालतं. पाहुणा म्हणतो निघतो, यजमान म्हणतो एवढी काय घाई, पाहुणा परत बसतो. यजमानानं 'या आता' म्हणायचं नाही आणि पाहुण्यानं एकदम उठायचं नाही. तासभर दोघं एकमेकांच्या उठण्याची वाट बघतात. याला आमच्याकडे सुंगकान म्हणतात. समोरच्याचा मान राखायला स्वतःची जीभ आवरणं. माणसांचं निदान शेवटी कुणाला तरी झोप येते. या दोन यंत्रांना आली नव्हती.

"पण तुम्ही दोघांनी एकदा तरी बोलायचं ना, लिहिताना?"

"मी त्यांना कसं विचारणार, की तुम्ही शेवट लिहिलाय का? म्हणजे तुम्ही विसरलात असंच झालं ते."

"आणि नंतर? ते गेल्यावर?"

बू वुरींनी खिशातून आल्याची गोळी काढली, तोंडात टाकली नाही, हातातच फिरवत राहिल्या. "नंतर ती त्यांची बाजू होती. गेलेल्या माणसाच्या कपाटात हात घालावा तसं वाटायचं. डेटाबेस फुगत होता ते दिसत होतं मला. मी म्हणायची, रिपोर्ट वाढलेत."

*

रविवारी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी गेले. पाक कुस्वांतो अंगणात पिंजऱ्यातल्या होल्यांना दाणे घालत होते. वय एकाहत्तर, अंगावर लुंगी आणि लॅबचा जुना टी-शर्ट. त्यांच्या बायकोनं चहा आणला, तळलेली केळी आणली, मग उकडलेले शेंगदाणे आणले. होल्यांची चौकशी झाली. गुडघ्यांची झाली. आमच्या डॉक्टरांच्या नातवाची झाली. पाऊण तास झाला. मी बू वुरींच्या पायाला पाय लावला.

"पाक," त्या म्हणाल्या, "त्या टपालात शेवटचं 'झालं' कुणी म्हणायचं ठरलं होतं?"

म्हातारबुवांचा हात पिंजऱ्यातच थांबला. "तू."

"मी नाही. मी तुमच्यावर ठेवलं होतं."

"मी तुझ्यावर ठेवलं होतं." ते हळूहळू वळले. "शाखेकडून सुरू होतं, म्हणून शाखेनंच संपवायचं, असं माझ्या डोक्यात. तू ते लिहिलं असशीलच. मग मी कशाला विचारू? तू या कामात नवीन होतीस. वाटलं असतं, म्हातारा चुका काढतोय."

"मग किती उघडी आहेत माहितीये?"

"किती?"

"अडीच कोटी."

ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, बायको पाणी घेऊन धावली, पाणी प्यायले आणि परत हसले. होले फडफडायला लागले.

"बारा वर्षं!" त्यांनी डोळे पुसले. "अगं, आपल्या दोघांचे मान राखता राखता त्या बिचाऱ्याचा जीव घेतला की आपण!" मग एकदम हसू गेलं. "डॉक्टरांना सांगणार?"

"सांगणार."

"माझं नाव सांग. माझं काय आता, मी होले पाळतो. तुझं अजून एक वर्ष आहे. शिवाय गालिह की कोण तो, तो म्हणतोय ना की टपालच जुनाट आहे? म्हणू दे. ते काढतील, नवीन बसवतील, तुला हार घालून घरी पाठवतील. कुणाला काही कळणार नाही."

घरी बू वुरींच्या नवऱ्यानंही हेच सांगितलं होतं, हे मला येताना रस्त्यात कळलं होतं. बंदरात गाळ काढायच्या बोटीवर तीस वर्षं काढलेला तो माणूस. तो म्हणाला होता, बुडालेल्या बोटीवर आपलं नाव कोण रंगवतं?

बू वुरींनी चहाचा कप खाली ठेवला. "तुम्ही सात वर्षांपूर्वी गेलात, पाक. त्यानंतर रोज मी त्याच्यासमोर बसले होते. आणि ज्यात दोष नाही त्याला दोष लावून मी काढू देणार नाही. उद्या ते नवीन आणतील आणि त्यातही दोन माणसं अशीच गप्प बसतील."

त्या उभ्या राहिल्या. बू कुस्वांतो म्हणाल्या, "एवढी काय घाई? भात टाकलाय मी."

"नाही," बू वुरी म्हणाल्या. "येते मी. झालं माझं."

इतक्या सरळ उठलेली पाहुणी त्या घरानं पाहिली नसावी. पाक कुस्वांतो मात्र फाटकापर्यंत आले आणि त्यांनी फाटक स्वतः लावून घेतलं.

*

सोमवारी डॉक्टरांच्या खोलीत त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. तमांगगुंगच्या उशिराचा कागद मला न्यायचा होता, म्हणून मीही तिथे होते.

"रांग जुनी म्हणून हळू झालेली नाही," त्या म्हणाल्या. "अडीच कोटी मेलेली संभाषणं उराशी घेऊन ती चालतेय. ती मिटवायची ओळ आम्ही दोघांनी लिहिली नाही. त्यानंतर सात वर्षं माझ्या एकटीच्या हातात होती, तेव्हाही मी बघितलं नाही. त्या बाईचा रिपोर्ट पाच तास थांबला तो माझ्यामुळे."

डॉक्टर टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. गालिहला जिंकायला एवढं पुरेसं होतं. पण त्याचा चेहराच पडला.

"बू, हे तुम्ही मला एकट्याला सांगितलं असतं ना, आधी."

"पुन्हा तेच झालं असतं, मास. तुम्ही माझा मान राखला असता."

"म्हणजे दोष या तंत्राचा नाही?" डॉक्टरांनी गालिहला विचारलं.

त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. "नाही, डॉक्टर. ते सांगितलं तेवढं चोख करत होतं. पण माझा प्रश्न उलट मोठा झालाय. बारा वर्षं हे कुणाला दिसलं नाही, कारण बघायला जगात दोनच माणसं होती आणि ती एकमेकांना विचारत नव्हती. अशी गोष्ट दहा वर्षं चालेल म्हणून मी सही कशी करू? दुसरं काही असतं, तर कुणीतरी तिसऱ्यानं पहिल्याच महिन्यात विचारलं असतं, हे उघडं का आहे?"

मला वाटलं, संपलं.

"बरोबर आहे," बू वुरी म्हणाल्या.

गालिह बघतच राहिला.

"बनवणारे त्याला नवे कपडे शिवतात की नाही, यावर ते किती जगेल हे ठरत नाही. ते बंद पाडून परत उभं करणारी माणसं किती आहेत, त्यावर ठरेल. आज एकच आहे. डॉक्टर, मला सप्टेंबरअखेर नको. त्याच्या आधीचा गुरुवार द्या. त्या दिवशी मी वर येणार नाही. मास गालिह आणि त्यांच्या हाताखालची रिन्ता टपाल पाडतील आणि परत उभं करतील. त्यांना जमलं तर ठेवायचं. नाही जमलं तर एक तारखेपासून मी स्वतः काढायला लागेन."

"मी?" गालिह म्हणाला. "मला ते काढायचंय, बू. मी ते शिकू?"

"काढायचं असलं तरी आत काय आहे ते कळायला नको का?"

डॉक्टर हर्लंबांग पहिल्यांदा हसले.

*

आधी सफाई. गालिहनं एका झटक्याचा रस्ता सुचवला. डेटाबेसला एक आज्ञा दिली की सगळी संभाषणं एकदम पुसली जातात. बू वुरींनी तो साफ नाकारला. त्या अडीच कोटींत दोनशे चौदा जिवंत होती. रिपोर्ट निघालेले पण न पोचलेले. झटका दिला तर तेही जाणार.

"दोनशे चौदा आपण हातानं परत पाठवू," गालिह म्हणाला.

"त्यातला एक पोटॅशियमचा असला तर?"

मग रोज दुपारी एक ते चार. सकाळी उपाशीपोटीच्या तपासण्यांची गर्दी, दुपारी यंत्रं जरा मोकळी. दहा-दहा हजारांच्या तुकड्या करून जुनी संभाषणं मिटवायची, जिवंतांना हात लावायचा नाही. नऊ दुपारी लागल्या. पंखा गरगरतोय, बू वुरी आकडे वहीत लिहितायत, गालिह शेजारी खुर्ची ओढून बसलाय. चौथ्या दिवशी त्याला निळी वही हातात धरायला मिळाली. ते सबंध लॅबमध्ये पसरलं.

"बू, या ओळीला इथे 'पाच' का आहे?"

"एकच संदेश पाच वेळा उलटला, की रांग स्वतःला बंद करून घेते. खराब घास पुन्हा पुन्हा तोंडात घालत नाही."

"म्हणजे एका खराब संदेशानं चौदा शाखा बंद?"

"हो. म्हणून तो ओळखून बाजूला काढायचा. कसा, ते तुम्ही सांगा."

"तुम्हीच सांगा ना."

"मी गुरुवारी नसणारे, मास."

तो वैतागून उठायचा, जिन्यात फोनवर जकार्ताच्या मित्रांना काहीतरी सांगायचा, परत येऊन बसायचा. रिन्ता गप्प बसून सगळं लिहून घ्यायची. ती एकदा मला म्हणाली, "म्हणतात की हे मेलंय. पण नऊ दिवसांत एकदाही चुकलं नाही. फक्त फार हट्टी आहे. कुणासारखं ते मी सांगत नाही."

नवव्या दुपारनंतर वोनोसोबोचा रिपोर्ट चार सेकंदांत पोचला. बू वुरींनी ते कुणाला सांगितलं नाही. मला तिकडच्या बाईनं फोन करून विचारलं, "आज काय झालंय तुम्हाला?"

*

गुरुवारी दीड वाजता बू वुरी डबा घेऊन माझ्या खिडकीच्या आत येऊन बसल्या. वर जायचं नाही, फोन घ्यायचा नाही, असं त्यांनीच ठरवलेलं. फोन त्यांनी माझ्या खणात टाकून कुलूप लावलं आणि किल्ली मला दिली.

वर डॉक्टर स्वतः बसले होते. वोनोसोबोची तार मुद्दाम काढली होती. बू वुरींनी आदल्या दिवशी एक खराब संदेश बंद पाकिटात डॉक्टरांकडे देऊन ठेवला होता. तो त्यांनी कधीही सोडायचा होता. दोन वाजता रिन्तानं टपाल पाडलं. माझ्या शेजारचा प्रिंटर थांबला.

"खा," मी म्हटलं. नवऱ्यानं ताहू गिंबाल दिलं होतं, सोयाबीनचं पनीर आणि कोळंबीची भजी, शेंगदाण्याची चटणी वेगळी बांधून. त्यांनी चटणीची पुडी सोडली आणि तशीच ठेवली.

दोन वीस. दोन पस्तीस. खिडकीशी एक आजोबा आले, रिपोर्ट कधी मिळेल म्हणाले. मी म्हटलं, थोडा वेळ. बू वुरी म्हणाल्या, "बसा पाक, पंख्याखाली बसा," आणि आपली खुर्ची त्यांना दिली. स्वतः उभ्या राहिल्या.

"नाही जमलं तर खरंच काढाल?" मी विचारलं.

"सांगितलंय ना."

"वाईट नाही वाटणार?"

"वाटेल की. पण माझ्याशिवाय चालणार नाही अशी गोष्ट इथे ठेवून घरी कशी जाऊ? रात्री झोप लागेल का मला?" त्यांनी पहिला घास घेतला. "चटणी कमी तिखट केलीये यांनी. मुद्दाम. माझं पोट बिघडेल म्हणून."

दोन बावन्नला प्रिंटर खडखडला. एक कागद आला, दुसरा आला, मग थांबेचना. आजोबा दचकून उठले. मी कागद उचलले: आंबारावा, तमांगगुंग, आंबारावा, वोनोसोबो. तार लागली होती, रांग चालत होती.

बू वुरींनी डबा मिटला. उभ्याच होत्या, आता बसल्या.

तीनच्या सुमारास गालिह जिना उतरून आला. शर्ट पाठीला चिकटलेला. तो खिडकीशी टेकला आणि त्यानं न विचारता डब्यातलं उरलेलं ताहू उचललं.

"खराब संदेश रिन्ताला सापडला," तो खात खात म्हणाला. "पंचवीस मिनिटं गेली. पण शेवटी एक संभाषण उघडंच राहिलं, बू. मी रिन्ताला विचारलं, तुझं? ती म्हणते, तुमचं असेल. डॉक्टरांकडे बघितलं, ते छताकडे बघायला लागले."

"मग?"

"मग मीच बंद केलं."

"बरोबर केलंत, पाक गालिह," बू वुरी म्हणाल्या.

त्याचा हात चष्म्यापर्यंत गेला आणि परत खाली आला.

डॉक्टरांनी त्याच दिवशी लिहून टाकलं. चौदा शाखांचं टपाल डेटाबेसमध्येच राहील. पुढे उघडणाऱ्या शाखांसाठी गालिह त्याला हवं ते आणेल. दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी टपाल पाडून उभं करायचं, आणि दर वर्षी नवीन माणसानं. ज्या वर्षी कुणाला जमणार नाही, त्या वर्षी ते काढायला घ्यायचं. तो कागद वरच्या खोलीत दारामागे चिकटवलेला आहे. त्याच्या खाली बू वुरींनी निळ्या शाईत एक ओळ जोडली आहे: ज्याला उघडं दिसेल, त्यानं विचारायचं.

जूनमध्ये त्या निवृत्त झाल्या. हार झाले, केक झाला, भाषणं झाली. भाषणं संपल्यावर सगळे खुर्च्यांवर बसून राहिले. पहिलं कोण उठणार म्हणून एकमेकांकडे बघत होते. पाक कुस्वांतोही आले होते, ते तर मुद्दाम बूड रोवून बसले होते.

बू वुरींनी वही रिन्ताच्या हातात दिली, डबा पिशवीत टाकला आणि उभ्या राहिल्या.

"येते मी," त्या म्हणाल्या, आणि खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं.